शब्दभ्रम ते डबिंग : मराठी विनोदी आवाज-कलावंतांची दूरचित्रवाणीवरील वाटचाल

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा आणि चित्रपटाचा इतिहास मोठ्या प्रमाणावर लिहिला गेला आहे. नटांची चरित्रे, नाटककारांचे मूल्यमापन, गायकांच्या घराण्यांचा परिचय अशी विपुल सामग्री अभ्यासकांपुढे उपलब्ध आहे. या तुलनेत केवळ आवाजाच्या बळावर प्रेक्षकांना हसविणाऱ्या कलावंताची नोंद फारच त्रोटक आहे. बाहुलीला बोलते करणारा शब्दभ्रमकार, चित्रातील प्राण्याला स्वभाव देणारा आवाज-कलावंत, परदेशी कार्टून मालिकेतील पात्र भारतीय मुलांच्या ओळखीचे करणारा डबिंग कलावंत हे सर्व दूरचित्रवाणीच्या युगात घराघरांत पोहोचले. परंतु घरात पोहोचलेला आवाज आणि इतिहासात पोहोचलेले नाव यांत मोठे अंतर राहिले.

हे अंतर कसे निर्माण झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे. त्यासाठी रामदास पाध्ये यांची कारकीर्द मध्यवर्ती मानली आहे. पाध्ये हे प्रत्यक्ष कार्टून मालिकांचे कलावंत नव्हेत. ते शब्दभ्रमकार आणि बाहुलीकार होत. तथापि निर्जीव आकृतीस विनोदी व्यक्तिमत्त्व बहाल करणे हे दोन्ही कलांचे समान कार्य आहे. अमेरिकेत एका शब्दभ्रमकारानेच पुढे कार्टून मालिकांतील आवाज-कलावंत म्हणून नाव मिळविले, हे लक्षात घेता ही तुलना अनाठायी ठरत नाही.

परंपरेची पार्श्वभूमी

निर्जीवाला बोलते करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. दोरीच्या आधारे नाचणारी बाहुली आणि तिला नाचविणारा सूत्रधार ही प्रतिमा संतसाहित्यात आढळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा जतन केली. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावोगाव फिरणारा बहुरूपी सोंगाप्रमाणे आवाज बदलत असे. विदर्भातील दंडार व खडी गंमत या लोकप्रकारांतही सोंगाड्याच्या आवाजाला मोठे महत्त्व होते.

आधुनिक मराठी रंगभूमीच्या आरंभाशीही बाहुल्यांचा संबंध आहे. १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. दीर्घकाळानंतर त्यांचे पुनरुज्जीवन करण्याच्या कार्यात पाध्ये कुटुंबाने पुढाकार घेतला.

या सर्व परंपरांत एक गोष्ट समान होती. बाहुली बोलते ती तिच्यामागे वा शेजारी असलेल्या माणसाच्या तोंडून, हे प्रेक्षकाला ठाऊक असे आणि ते लपविण्याचा आग्रहही नसे. शब्दभ्रमाने मात्र हा करार बदलला. येथे कलावंत बाहुलीच्या शेजारी, पूर्ण प्रकाशात बसतो आणि तरीही आवाज आपला नाही असा भास निर्माण करतो. ही कला भारतात रुजविण्याचे श्रेय यशवंत केशव पाध्ये यांना दिले जाते. जादूचे प्रयोग करणाऱ्या या कलावंताने १९१६ च्या सुमारास ‘अर्धवटराव’ ही बोलकी बाहुली सिद्ध केली. पुढे ‘आवडाबाई’ ही अर्धवटरावांची सहचारिणीही या खेळात दाखल झाली.

‘अर्धवटराव’ हे नावच विनोदाची गुरुकिल्ली आहे. ‘अर्धवट’ म्हणजे पुरती समज नसलेला. त्याला जोडलेला ‘राव’ मात्र आदर दाखवितो. ज्याला समाज अर्धवट म्हणतो, तोच शहाण्यासुरत्या धन्याला निरुत्तर करतो, ही या विनोदाची मूळ रचना होय. संस्कृत नाटकातील विदूषक आणि तमाशातील सोंगाड्या यांचाच हा वारसा आहे. मालकाने जे बोलू नये ते बाहुलीने बोलावे आणि श्रोत्यांनी बाहुलीला क्षमा करावी, हा अलिखित नियम यामागे दिसतो.

शब्दभ्रमाचे ध्वनिशास्त्र

या कलेतील कष्ट समजून घेण्यासाठी तिचे ध्वनिशास्त्र पाहणे आवश्यक आहे. शब्दभ्रमाच्या इंग्रजी संज्ञेचे मूळ ‘पोटातून बोलणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. परंतु प्रत्यक्षात आवाज पोटातून येत नाही. तो नेहमीप्रमाणे कंठातूनच येतो. श्वास नियंत्रित ठेवला जातो, ओठ किंचित विलग व स्थिर राहतात आणि उच्चाराचे सर्व कार्य जिभेवर सोपविले जाते. प्रेक्षकाची नजर बाहुलीच्या हलत्या जबड्याकडे वळली की कान आपोआप डोळ्यांचे ऐकतो.

खरी अडचण येते ती ओष्ठ्य वर्णांची. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय शुद्ध उमटत नाहीत. शब्दभ्रमकाराला त्यांच्या जागी जिभेने उच्चारता येणारे जवळचे ध्वनी योजावे लागतात. ‘ब’ च्या ठिकाणी ‘द’ कडे झुकणारा आणि ‘म’ च्या ठिकाणी ‘न’ कडे झुकणारा ध्वनी काढून तो श्रोत्याला मूळ वर्णासारखाच भासेल अशी तयारी करावी लागते. बाबा, मामा, पाणी, भाकर असे घरातील अगदी पहिले शब्दच ओष्ठ्य वर्णांनी भरलेले असल्यामुळे मराठीत ही साधना सोपी नाही. ‘अर्धवटराव’ या नावात मात्र या पाच वर्णांपैकी एकही नाही, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

रामदास पाध्ये यांची कारकीर्द

वडिलांकडून ही कला आत्मसात केलेल्या रामदास पाध्ये यांनी १ मे १९६७ रोजी रंगमंचावर आपल्या कारकिर्दीस प्रारंभ केला. त्या वेळी महाराष्ट्रात दूरचित्रवाणी नव्हती. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले असले, तरी मुंबई केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजेच पाध्ये यांची उमेदवारी सभागृहांत आणि उत्सवांच्या मांडवांत झाली व त्यानंतर दूरचित्रवाणीने त्यांची कला घरोघरी पोहोचविली.

या माध्यमांतराने कलेपुढे नवे आव्हान उभे केले. सभागृहातील प्रेक्षक दूर बसलेला असतो; ओठांची सूक्ष्म हालचाल त्याच्या लक्षात येत नाही. कॅमेरा मात्र चेहरा जवळून दाखवितो. जी फसगत दहाव्या रांगेपर्यंत टिकते, ती समीपदृश्यात टिकेलच असे नाही. शब्दभ्रमकाराची दूरचित्रवाणीवरील कसोटी म्हणूनच रंगमंचापेक्षा कठोर ठरली. दुसरीकडे, या समीपदृश्याचा लाभही झाला. बाहुलीच्या भुवया, पापण्या आणि मान यांच्या बारीक हालचाली प्रेक्षकाला प्रथमच स्पष्ट दिसू लागल्या. परिणामी आवाजाबरोबर बाहुलीच्या यंत्ररचनेचेही महत्त्व वाढले.

पाध्ये यांनी बाहुल्या केवळ चालविल्या नाहीत, तर त्या घडविल्या. पत्नी अपर्णा पाध्ये यांची या कार्यात त्यांना साथ लाभली आणि पुत्र सत्यजित पाध्ये यांच्या रूपाने तिसरी पिढी या कलेत उतरली. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा काळ आला तेव्हा या कौशल्याला नवे क्षेत्र मिळाले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. एका महिला गृहउद्योगाचे उत्पादन देशभर ओळखीचे करण्यात या हसऱ्या सशाचा वाटा मोठा आहे. मात्र येथेच या निबंधाचा मुख्य प्रश्न प्रथम उपस्थित होतो. ससा सर्वांना आठवतो. परंतु त्यामागे पाध्ये होते हे किती प्रेक्षकांना ठाऊक होते? रंगमंचावर अर्धवटरावांच्या शेजारी कलावंत बसलेला दिसे. जाहिरातीच्या चौकटीत केवळ बाहुली उरली. कलावंत चौकटीबाहेर गेला आणि त्याचे नावही त्याच्याबरोबर बाहेर गेले.

बाहुली एकाची, आवाज दुसऱ्याचा

१९९३ मध्ये महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात शब्दभ्रमाचा छंद असलेल्या युवकाची भूमिका केली. गुन्हेगार तात्या विंचू याचा आत्मा बाहुलीत शिरतो, हे या कथेचे सूत्र. त्यामागे १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची प्रेरणा होती. या चित्रपटातील बाहुली रामदास पाध्ये यांनी घडविली, तर तात्या विंचूची भूमिका व बाहुलीचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता. पुढे दूरचित्रवाणी वाहिन्यांवरील वारंवार प्रक्षेपणामुळे हे पात्र चित्रपटगृह न पाहिलेल्या मुलांपर्यंतही पोहोचले. २०१३ मध्ये त्याचा त्रिमितीय उत्तरभाग आला.

ऐतिहासिकदृष्ट्या हा टप्पा महत्त्वाचा आहे. शब्दभ्रमात हात आणि आवाज एकाच कलावंताचे असतात. ‘झपाटलेला’ मध्ये त्यांची फाळणी झाली. ओठ लपविण्याची गरज संपली, कारण बोलणारा पडद्यावर नव्हताच. आवाजाला पूर्ण मोकळीक मिळाली आणि भीती व हसू यांचे जे मिश्रण तात्या विंचूच्या बोलण्यात साधले, ते या मोकळिकीमुळे शक्य झाले. ‘चिमणराव’ मालिकेमुळे आधीच घरोघरी परिचित असलेल्या प्रभावळकरांचे नाव या आवाजाशी कायम जोडलेले राहिले. आवाज लक्षात राहण्यासाठी आवाजामागचा चेहरा आधीच प्रसिद्ध असणे किती उपयोगी पडते, हे यावरून दिसते.

पाश्चात्त्य अनुभव

हाच प्रवास अमेरिकेत काही दशके आधी घडला होता. एडगर बर्गन आणि त्याची ‘चार्ली मॅकार्थी’ ही बाहुली १९३७ पासून जवळजवळ दोन दशके नभोवाणीवर लोकप्रिय होती. शब्दभ्रम हा ओठ न हलविण्याचा खेळ; नभोवाणीवर तर ओठ दिसतच नाहीत. तरीही श्रोते रमले. याचा अर्थ असा की, प्रेक्षक केवळ कसरतीला भुलत नाहीत. त्यांना पात्राच्या स्वभावाची ओढ असते.

पॉल विंचेल (१९२२-२००५) या शब्दभ्रमकाराने पुढची पायरी गाठली. ‘जेरी महोनी’ या बाहुलीमुळे दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध झालेला हा कलावंत १९६० च्या दशकात कार्टूनकडे वळला. १९६८ मध्ये ‘वॅकी रेसेस’ या मालिकेतील खलपात्र आणि विनी द पूह चित्रपटातील टिगर वाघ या दोघांनाही त्याने आवाज दिला. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘द स्मर्फ्स’ मधील गारगामेल हा दुष्ट जादूगारही त्याचाच. ज्याने आयुष्यभर ओठ लपविले, त्याला ध्वनिमुद्रण कक्षात ओठ मोकळे करून बोलता आले.

या काळात आवाज-कलावंताचे महत्त्व वाढण्यामागे आर्थिक कारण होते. चित्रपटगृहासाठीच्या कार्टूनमध्ये प्रत्येक हालचाल असंख्य चित्रांतून साकार केली जाई. दूरचित्रवाणीचा तुटपुंजा खर्च त्याला पुरेसा नव्हता. १९५७ पासून हॅना-बार्बेरा या संस्थेने कमी चित्रांत काम भागविण्याची पद्धत रूढ केली. शरीर स्थिर, केवळ तोंड हलते, पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा तीच, अशा चित्रात जीव ओतण्याची जबाबदारी आवाजावर आली. चित्र जितके गरीब, तितका आवाज श्रीमंत असणे भाग होते.

तरीही नाव मिळविण्यासाठी झगडावे लागलेच. बग्ज बनी या सशाचा आवाज असलेल्या मेल ब्लँक (१९०८-१९८९) याने सांगितल्यानुसार, निर्मात्याने पगारवाढ नाकारली तेव्हा त्याने त्याऐवजी पडद्यावर आपल्या नावाचा उल्लेख मागून घेतला. त्या काळात कार्टूनवर आवाज-कलावंताचे नाव झळकणे ही असाधारण बाब होती. ब्लँकचे नाव जगाला माहीत झाले, त्याचे सहकारी मात्र बराच काळ अनाम राहिले. फरक केवळ गुणवत्तेचा नव्हता. तो कराराचाही होता.

भारतीय कार्टून मालिका आणि मराठी आवाज

१९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ ही जपानी कार्टून मालिका हिंदीतून प्रक्षेपित झाली. तीत शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांनी दिला होता. येथेही प्रसिद्ध नटाचे नाव सर्वतोमुखी झाले. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली आणि पुढे मुलांच्या वाहिन्यांची संख्या वाढली. हिंदी डबिंग हा मुंबईत स्थिरावलेला व्यवसाय बनला. मुंबईच्या या व्यवसायात मराठी भाषक कलावंतांनी ठळक कामगिरी केली. बहुविध आवाजांसाठी ओळखले जाणारे चेतन सशितल, तसेच ‘निन्जा हातोडी’ व ‘नॉडी’ या पात्रांचा हिंदी आवाज असलेल्या मेघना एरंडे ही त्यांतील ठळक नावे होत. बालपात्रांना प्रौढ स्त्री-कलावंतांनी आवाज देणे ही या क्षेत्रातील सार्वत्रिक रीत आहे. मुलाचा आवाज वयानुसार फुटतो, पात्र मात्र वर्षानुवर्षे त्याच वयाचे राहते, हे त्याचे कारण.

डबिंगमध्ये ओष्ठ्य वर्णांचा प्रश्न पुन्हा उद्भवतो, पण उलट्या रूपात. शब्दभ्रमकाराला ओठ मिटलेले दिसू द्यायचे नसतात. डबिंग कलावंताला मात्र पडद्यावरील पात्राचे ओठ जेथे मिटतात तेथेच ‘प’, ‘ब’ वा ‘म’ येईल अशी वाक्यरचना साधावी लागते. जपानी वाक्याची लांबी, हिंदी क्रियापदाची जागा आणि विनोदाची वेळ या तिन्हींचा मेळ काही सेकंदांत घालावा लागतो. उशिरा पडलेला विनोद हा विनोद राहत नाही. हे कौशल्य नटाच्या कौशल्याहून कमी प्रतीचे मानण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण नाही.

या मालिकांचा भाषिक परिणामही विचारात घेतला पाहिजे. नागपूर जिल्ह्यातील हिंगणा तालुक्यासारख्या परिसरात औद्योगिक वसाहतीमुळे मराठी व हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी नांदतात. नागपुरी बोलीत हिंदीचा वावर पूर्वापार आहे. अशा ठिकाणी मराठी घरातील मुलाने कार्टूनमधील हिंदी सहजपणे खेळात आणावे, यात नवल नाही. मात्र त्या हिंदीमागे अनेकदा मराठी कंठ होता, ही जाणीव पालकांना वा शिक्षकांना क्वचितच असते. मराठी कलावंताने मराठी मुलाला हिंदीतून हसविले आणि दोघांनाही एकमेकांची ओळख पटली नाही, अशी ही विलक्षण परिस्थिती आहे.

नाव आणि जतन

नामनिर्देशाइतकाच जतनाचा प्रश्न गंभीर आहे. पॉल विंचेलच्या १९६५ ते १९६८ या काळातील बालकार्यक्रमाच्या फिती हक्कांच्या वादात प्रक्षेपण कंपनीने नष्ट केल्या. त्याबद्दल १९८६ मध्ये न्यायालयातील ज्यूरीने त्याला सुमारे १ कोटी ७८ लक्ष डॉलरची भरपाई मंजूर केली. पैसे मिळाले, कार्यक्रम परत आले नाहीत. फिती महाग असण्याच्या काळात जुन्या चित्रणावर नवे चित्रण करण्याची रीत अनेक देशांच्या दूरचित्रवाणी केंद्रांत होती. लिखित नाटकाची संहिता हरवली तरी दुसरी प्रत मिळण्याची शक्यता असते. विनोदी आवाजाचे तसे नाही. त्याची लय, त्यातील थांबा, श्वासाचा चढउतार हे कागदावर उतरत नाहीत. ध्वनिमुद्रण गेले की कलाकृतीच जाते.

डबिंगच्या बाबतीत ही हानी अधिक सूक्ष्म आहे. मालिका टिकते, पण वाहिनी बदलली की नवे डबिंग केले जाऊ शकते आणि जुना आवाज निमूटपणे पुसला जातो. अंतिम श्रेयनामावलीत मूळ देशातील कलावंतांची नावे असतात. भारतीय आवाजांची नावे बहुधा नसतात. अभ्यासकाला अशा वेळी मुलाखती व कलावंतांच्या आठवणी यांवरच विसंबावे लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, विनोदी आवाजाचे नाव इतिहासात तीन मार्गांनी टिकले. कलावंत स्वतः डोळ्यांसमोर होता, म्हणून पाध्ये पिता-पुत्र अर्धवटरावांबरोबर लक्षात राहिले. चेहरा आधीच प्रसिद्ध होता, म्हणून प्रभावळकर व पाटेकर यांचे आवाज ओळखले गेले. करारात नामनिर्देश होता, म्हणून मेल ब्लँक अमर झाला. या तिन्ही आधारांवाचून काम करणारा डबिंग कलावंत मात्र आवाजाने सर्वांत जवळ आणि नावाने सर्वांत दूर राहिला.

माध्यम बदलत गेले तसा कलावंत क्रमाक्रमाने अदृश्य झाला. रंगमंचावर तो बाहुलीशेजारी होता, जाहिरातीत चौकटीबाहेर गेला आणि डबिंगमध्ये श्रेयनामावलीतूनही नाहीसा झाला. संगणकाद्वारे मानवी आवाजाची नक्कल शक्य झालेल्या आजच्या काळात हा प्रश्न केवळ सन्मानाचा राहिलेला नाही; तो उपजीविकेचा आणि हक्काचाही झाला आहे. ज्या आवाजावर नाव लिहिलेले नाही, तो आवाज कोणाचा हे सिद्ध करणे कठीण असते.

महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि जनसंवाद विभागांना या बाबतीत प्रत्यक्ष कार्य करता येण्याजोगे आहे. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने आवाज-कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, मालिकानिहाय हिंदी व मराठी आवाजांची सूची तयार करणे आणि स्थानिक बहुरूपी, सोंगाडे व बाहुलीकार यांचे आवाज संग्रहित करणे हे विद्यार्थी-प्रकल्पांतून साध्य होऊ शकते. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेळेचे भान मात्र आवश्यक आहे. हस्तलिखित शतकानुशतके बासनात पडून राहू शकते. आवाज ज्या कंठात आहे, त्या कंठाबरोबरच तो निघून जातो.